पंचवीसपैकी दोन : एका बोआच्या पहिल्या वेताचं प्रकरण

पहाटे सव्वाचारला फोन वाजला. पलीकडून आधी नुसता श्वास ऐकू आला, मग, "ताई, गोधडी व्याली. सगळं संपलंय."

गोधडी ही त्याची बोआ, अजगरासारखी मोठी, बिनविषारी सापीण. बोआ इम्परेटर, सहा वर्षांची, लांबी दोन मीटरच्या थोडी वर, नराशी जोडी लावण्याआधीचं वजन 6.2 किलो. पाठीवर ठिगळं जोडल्यासारखी नक्षी, म्हणून ते नाव. तो माझा धाकटा मित्र. साप पाळायला लागला तेव्हापासून काही अडलं की मला विचारतो. हे प्रकरण त्याच्या संमतीनं लिहिते आहे. त्याचं नाव देत नाही, सापिणीचं देते. तिची हरकत नसावी.

"सगळं संपलंय" म्हणजे काय ते मी विचारलं नाही. दोनच गोष्टी विचारल्या. गोधडी कशी आहे, आणि मेलेली पिल्लं कुठे ठेवलीस? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं, "पिशवीत भरून फ्रीझरमध्ये. बघवत नव्हतं." मी म्हटलं, "आत्ता बाहेर काढ आणि खाली फ्रिजमध्ये ठेव. गोठू देऊ नकोस. मी येते."

फ्रीझर ही अशा वेळी सगळ्यांनाच सुचणारी आणि नेमकी चुकीची जागा. गोठताना पेशींमधल्या पाण्याचे स्फटिक होतात, ऊती फाटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासारखं फारसं उरत नाही. विषाणूंच्या पीसीआर चाचणीला गोठलेला नमुना चालतो, पण तो पुढचा भाग. आधी पिल्लं नुसती थंड हवीत. ती उबेत राहिली तर काही तासांतच सडू लागतात. शवविच्छेदनाचा उपयोग व्हायचा तर ती एक-दोन दिवसांत, फ्रिजच्या थंडाव्यात, डॉक्टरांपर्यंत पोहोचायला हवीत.

मी पोहोचले तेव्हा तो पेटीसमोर जमिनीवर बसला होता. शेजारी एका टबमध्ये ओल्या टिश्यू पेपरवर दोन जिवंत पिल्लं होती, बोटभर जाडीची, चकचकीत. त्यांच्याकडे त्याचं लक्षच नव्हतं.

आधी आई, मग जिवंत, मग मेलेली

हा क्रम मी कधी मोडत नाही. मेलेल्यांना घाई नसते.

गोधडी उबेच्या फळीवर सैल पडून होती. जीभ बाहेर येत होती, हात लावल्यावर अंग आवळत होती. शरीराच्या मागच्या तिसऱ्या भागात मात्र मला एक फुगवटा जाणवला. दाबून पाहिलं नाही. तिथे पिल्लू असेल आणि आपण दाबलं, तर गर्भनलिका फाटू शकते. तो एक्स-रेचा विषय होता. उशिराच्या गर्भाची हाडं एक्स-रेत स्वच्छ दिसतात.

मग पेटी. बोआ अंडी घालत नाही. अंडी पोटातच वाढतात आणि पिल्लू एका पातळ, पारदर्शक पिशवीत गुंडाळलेलं बाहेर येतं. ती फोडून त्यानं पहिला श्वास घ्यायचा असतो. निरोगी पिल्लू हे बहुधा काही मिनिटांत करतं. पण थकलेलं पिल्लू पिशवीतच निपचित पडून राहतं आणि मेल्यासारखं दिसतं. सापांची पिल्लं कमी प्राणवायूवर आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळ तग धरतात, म्हणून "मेलं" असं ठरवायची घाई करू नये. मी पेटीच्या कोपऱ्यातले गोळे एकेक करून टॉर्चसमोर धरत होते. त्यातल्या एका पिशवीत, पोटाकडच्या खवल्यांखाली, पुढच्या तिसऱ्या भागाच्या आसपास, कातडी एका लयीत उचलली जात होती. हृदय.

पिशवी चिमटीत धरून तोंडापासून लांब फाडली, ओल्या कापडानं तोंड पुसलं, डोकं थोडं खाली धरलं. नाळेला हात लावला नाही. नाळ ओढली की बेंबीतून रक्त जातं, शिवाय आत शोषला जायचा बलक बाहेरच तुटतो. चार-पाच मिनिटांनी पिल्लानं जबडा उघडला. पुन्हा बराच वेळ काही नाही. मग पुन्हा उघडला.

तो मागे उभा होता. म्हणाला, "मी याला मेलेल्यांत धरलं होतं." त्यावर मी काही बोलले नाही. पेटी भरून रक्तपाणी आणि गोळे पडलेले असताना पहाटे तीन वाजता कोणीही हेच केलं असतं, हे त्याला नंतर, दिवसाउजेडी सांगायचं होतं.

सकाळी डॉक्टरांनी एक्स-रे काढला. आत अजून एक पिल्लू होतं, आडवं नाही, पण पुढेही सरकत नव्हतं. कळा आणणारं ऑक्सिटोसिन सापांमध्ये सस्तन प्राण्यांइकतं भरवशाचं नाही, आणि वाटेत अडथळा असेल तर धोक्याचंच. डॉक्टरांनी सलाईन दिलं, कोमट पाण्यात ठेवायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी रात्री तिनं ते स्वतःहून बाहेर टाकलं. मेलेलं, किंचित सडायला लागलेलं. ते आत राहिलं असतं तर तीही गेली असती. म्हणून एक सांगते, वेत आटोपलं असं वाटलं तरी आई पूर्ण मोकळी झाली का ते बघून घ्या. मेलेल्या पिल्लांच्या दुःखात हे राहून जातं.

अखेरचा हिशेब असा : एकूण 25. जिवंत 3, पूर्ण आकाराची किंवा आकार आलेली मेलेली 13, आणि स्लग 9. स्लग म्हणजे न फळलेली अंडी, पिवळसर-नारिंगी, मेणट गोळे. पहिलारू मादीच्या वेतात ती असणं नवलाचं नाही. नर अननुभवी असला, जोडी लागण्याची वेळ चुकली, तर ती वाढतात. त्यांना मेलेलं पिल्लू म्हणता येत नाही, कारण त्यात पिल्लू कधी नव्हतंच. तो मात्र सगळ्यांना धरून "बावीस मेली" असं म्हणत होता. मी दर वेळी "तेरा" म्हणून दुरुस्त करत होते. कोरडेपणा वाटेल, पण बावीस आणि तेरा यांची कारणं वेगळी असतात. दोन्ही एका ढिगात टाकली की कारण कधी सापडत नाही.

मेलेली कधी मेली

एक्स-रे घेऊन परतल्यावर, त्याच दुपारी, आम्ही पिल्लं ओळीनं पांढऱ्या कागदावर मांडली. हातात मोजे, खाली कागद, नंतर सगळं धुऊन काढायचं. निरोगी सापाच्या अंगावरही साल्मोनेला हा जिवाणू असू शकतो. त्याला आधी हे करायचंच नव्हतं. मी म्हटलं, "तू फक्त वही धर, मी सांगते ते लिही." अर्ध्या तासानं तो स्वतः फूटपट्टी लावत होता.

लांबी, वजन, रंग किती भरलाय, बेंबीपाशी बलक किती उरलाय, कणा सरळ आहे का, डोळे, जबडा. एवढंच बघायचं. पण या एवढ्यातून प्रत्येक पिल्लू कुठल्या टप्प्यावर थांबलं ते कळतं. त्या दिवशी हातात बारा होती. त्यातली दहा जवळजवळ एका साच्यातली : 40 सेंटिमीटरच्या वर लांब, 45 ते 55 ग्रॅम, नक्षी पूर्ण उमटलेली, बलक जवळपास सगळा आत गेलेला. एक आखूड, कणा दोन ठिकाणी वाकडा, पोटाशी बलकाचा मोठा गोळा. एक फिकट आणि बारीक, ते बहुधा काही आठवडे आधीच गेलं होतं. नंतर आलेलं तेरावं पहिल्या दहांसारखंच.

म्हणजे तेरांतली दोन वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कारणानं गेली होती. अशी एक-दोन बऱ्याच वेतांत असतात आणि त्यांच्यासाठी कोणाला दोषी धरता येत नाही. उरलेली अकरा मात्र पूर्ण वाढून, अगदी उंबऱ्यापाशी येऊन, एकदमच गेली होती. शोधायचं होतं ते या अकरांचं कारण.

आणि इथेच त्याच्या मनातली गोष्ट बाहेर आली. गोधडी गाभण असताना, साठाव्या दिवसाच्या सुमारास, त्यानं तिची पेटी दुसऱ्या खोलीत हलवली होती. दोघांनी उचलताना पेटी एकदा जोरात आपटली होती. तेव्हापासून त्याच्या मनात ते होतं, आणि आता तर त्याची खात्रीच झाली होती. "मी त्यांना आपटून मारलं." रात्री डोळे मिटले की तो आवाज येतो, असंही म्हणाला.

मी त्याला कागदाकडे बघायला सांगितलं. साठाव्या दिवशी धक्क्यानं काही मेलं असतं, तर ते साठाव्या दिवसाचं दिसलं असतं. अर्धवट, फिकट, मोठ्या बलकासह. ही अकरा तर त्यानंतर दोन महिने वाढत राहिली होती. त्यांच्या खवल्याखवल्यात ते दिसत होतं. अपराधाची भावना खोडून काढायला माझे शब्द कामाला आले नसते. पिल्लांनीच ते काम केलं. तो बराच वेळ एकेका पिल्लाची बेंबी बघत राहिला.

आता मोजणी. बोआच्या गाभणकाळाचे दिवस मोजायची खात्रीची खूण म्हणजे बीज सुटल्यानंतरची कात. बीज सुटताना मादीचं अंग मधोमध असं फुगतं की तिनं मोठं भक्ष्य गिळलंय असं वाटावं. फुगवटा दिवसभरात ओसरतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी ती कात टाकते. या कातीपासून वेतापर्यंत साधारण 100 ते 120 दिवस, बहुतेकदा 105 च्या आसपास. त्यानं फुगवटा पाहिला होता, सतराव्या दिवशी कात नोंदवली होती, फोटोही होता. नोंदी ठेवण्यात तो चोख आहे, त्याचा फार उपयोग झाला. वेत झालं ते कातीपासून 126 व्या दिवशी.

उशीर. बोआचा गाभणकाळ लांबतो तो मुख्यतः उबेच्या कमतरतेनं. सापाचा गर्भ आईच्या अंगाच्या उष्णतेवर वाढतो आणि आईच्या अंगाला उष्णता बाहेरून घ्यावी लागते. फार उष्णता झाली तर कण्याचे, डोक्याचे दोष निर्माण होतात, म्हणून बरेच पाळणारे त्या बाजूलाच घाबरतात. कमी उष्णतेला कोणी फारसं घाबरत नाही, कारण तिथे लगेच काही बिघडलेलं दिसत नाही. नुसते दिवस वाढतात.

"पण थर्मोस्टॅट तर 32 दाखवत होता," तो म्हणाला. वहीतही रोज 32 लिहिलेलं होतं.

माझा नोंदी ठेवणारा थर्मामीटर मी त्या रात्री गोधडीच्या फळीवर, ती जिथे पडून असायची नेमक्या तिथे ठेवला. सकाळी वाचलं : दिवसा जास्तीत जास्त 27.5 अंश, रात्री 24. थर्मोस्टॅटचा पडदा मात्र अजूनही इमानदारीत 32 दाखवत होता. कारण त्याचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं वायरीचं टोक, फळीवर नव्हताच. वर, उष्णतेच्या पॅनेलच्या अगदी खाली, एका चिकटपट्टीनं लटकत होता. ते 32 तिथलं होतं.

प्रोब तिथे कसा गेला? पेटी हलवली तेव्हा. वायर मधे येत होती म्हणून ती काढली गेली आणि नव्या खोलीत परत लावताना जिथे पट्टी चिकटली तिथे लागली. साठाव्या दिवशी.

मी काही वेळ तशीच उभी राहिले. आदल्या दिवशीच मी त्याला पटवलं होतं की हलवल्यानं काही झालं नाही. पिल्लांच्या अंगावरून ते खरंच होतं. धक्क्यानं काहीच मेलं नव्हतं. पण तो दिवस त्यानं बरोबर धरला होता. आणि मी हे सांगितलं नाही तर त्याला ते कळणारही नव्हतं. प्रोब खाली लावायचा, "काहीतरी तापमानाचं असेल" म्हणायचं आणि विषय संपवायचा. मोह झाला, नाही असं नाही.

मला थांबवलं ते माझ्याच फोनमधल्या एका फोटोनं. ऐंशीव्या दिवसाच्या सुमारास त्यानं पाठवलेला. गोधडी फळीवर, मागचं अर्धं अंग उताणं करून, पांढरं पोट वर. "बघा ताई, कशी आळसावलीय!" मी उत्तर दिलं होतं, "मजेत आहे पोरगी." गाभण बोआ अशी उताणी पडते, ते नेहमीचंच. पण ती दिवसरात्र त्याच जागी चिकटून होती, थंड बाजूला एकदाही जात नव्हती, हे त्यानं तेव्हा त्याच संदेशात लिहिलं होतं. पुरेशी ऊब मिळणारी मादी तापते, सरकते, पाणी पिते, परत येते. ही जागची हलतच नव्हती. तिला जे हवं होतं ते त्या फळीवर पुरेसं नव्हतं, आणि ती ते अंगानं सांगत होती. त्यानं ते मला जसंच्या तसं कळवलं होतं. मला वाचता आलं नाही. आणि मी बोआ त्याच्यापेक्षा पुष्कळ जास्त वर्षं पाळते आहे.

दुसऱ्या दिवशी मी आधी तो फोटो त्याच्यासमोर ठेवला, मग प्रोब दाखवला.

"म्हणजे हलवल्यानंच झालं ना?"

"हलवल्यानं नाही. हलवल्यावर प्रोब चुकीच्या जागी लागला, त्यानं."

"फरक काय पडतो?"

"आपटण्यानं झालं असं धरलंस तर उद्यापासून तिला हात लावायला घाबरशील. हे प्रोबचं आहे. त्याची जागा पक्की करायची, आणि फळीवर दुसरा थर्मामीटर ठेवायचा. थर्मोस्टॅटवर विश्वास नाही ठेवायचा, तो फक्त आपल्या टोकाचं सांगतो."

तो हसला नाही, पण स्क्रू-ड्रायव्हर आणायला उठला.

अहवाल

शवविच्छेदनाला चार पिल्लं गेली, त्यात तो वाकड्या कण्याचा एक. ऊतींचे तुकडे दहा टक्के फॉर्मालिनमध्ये, काही ताजे, थंड. सोबत दोन स्लग आणि पिल्लांभोवतीच्या पडद्यांचा तुकडाही. पडदे लोक टाकून देतात, ते टाकू नयेत. गर्भाशयात संसर्ग असला तर तो तिथे दिसतो.

पूर्ण वाढलेल्या तिन्हींच्या फुप्फुसांत हवा कधी शिरलीच नव्हती. म्हणजे बाहेर येऊन गुदमरली असं नाही, येण्याआधी किंवा येता येता गेली. हे कळल्यावर त्याच्या मनातला दुसरा काटा निघाला. आपण त्या रात्री झोपलो होतो, जागे असतो तर पिशव्या फोडल्या असत्या, हा. पहिली दोन जिवंत पिल्लं रात्री दहाच्या सुमारास झाली होती, ती त्यानं पाहिली होती. मग कळा थांबल्या, तोही झोपला. बाकीची तीनच्या आसपास आली. मधल्या काही तासांत मादी अडली होती. थंड अंगाचे स्नायू, पहिलं वेत, लांबलेले दिवस. जिवाणूंच्या चाचणीत संसर्ग म्हणावा असं काही आलं नाही. डॉक्टरांनी अहवालाच्या शेवटी "बहुधा" हा शब्द वापरला आणि तो मला योग्य वाटला. अशा प्रकरणात "बहुधा" याच्या पुढे जाणारा डॉक्टर मला थोडा धाडसी वाटतो.

विषाणूची चाचणी मात्र मी आग्रहानं करायला लावली, नर आणि मादी दोघांची. बोआ पाळणाऱ्यांत इन्क्लूजन बॉडी डिसीज, आयबीडी, हे नाव सगळ्यांना माहीत असतं, आणि बरेच जण ते कानाआड करतात. हा आजार 1970 च्या दशकापासून ओळखला जातो. त्यामागचे रेप्टअरेनाविषाणू मात्र 2012 साली सापडले. अजगरांमध्ये तो पटकन मज्जासंस्थेवर जातो, मान वळते, तोल जातो. बोआ मात्र वर्षानुवर्षं विषाणू बाळगून धडधाकट दिसू शकते, आणि मादीकडून तो पिल्लांत जातो, हे दाखवून झालेलं आहे. म्हणजे आईला तो असता तर वाचलेली पिल्लंही कदाचित तो घेऊनच आली असती, आणि ती दुसऱ्या कोणाला देणं म्हणजे त्यांच्या घरी आजार पोहोचवणं. त्याला वाटलं, इतक्या दुःखात हे आणखी कशाला? मी म्हटलं, आत्ताच. दोन्ही अहवाल नकारात्मक आले. अंगावरचे उवांसारखे माइट्स नव्हते, नर-मादी एकमेकांच्या नात्यातले नव्हते. बाकीच्या शक्यता लवकर मिटल्या.

तिसरं पिल्लू

पिशवी फाडून काढलेलं पिल्लू जगत होतं, पण नीट नाही. बेंबीपाशी बलक तसाच होता, आत जात नव्हता. डोकं एका बाजूला झुकलेलं. पहिली दोन दहाव्या दिवशी कात टाकून मोकळी झाली आणि पुढे पहिली उंदराची पिल्लं त्यांनी अशी झडपली की मालकालाच भीती वाटावी. तिसरं मात्र टबमध्ये एकाच जागी फिरत राहायचं. त्यानं त्या टबवर कापड घातलं होतं आणि दर तासाला ते उचलून बघायचा.

पाचव्या दिवशी फोन आला. "ताई, त्याला फ्रीझरमध्ये ठेवलं तर शांतपणे जाईल का? सगळे म्हणतात साप थंड रक्ताचा, झोपून जातो."

नाही जात. हा समज फार पसरलेला आहे, म्हणून थोडं थांबते. साप थंडीत सुस्त होतो, पण सुस्त होणं म्हणजे जाणीव जाणं नव्हे. शुद्धीवर असलेल्या सापाला गोठवणं हे दयामरण मानलं जात नाही. डोकं उडवणंही एकट्यानं पुरत नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांचा मेंदू कमी प्राणवायूवर तग धरतो, त्यामुळे धडापासून तुटल्यावरही काही काळ त्यात जीव राहू शकतो. डॉक्टरांकडे इंजेक्शन असतं, आधी भूल, मग पुढचं. सहाव्या दिवशी सकाळी ते झालं. तो आत गेला, मी बाहेर थांबले. बाहेर आला तेव्हा म्हणाला, "हे बाकीच्या तेरांपेक्षा जड गेलं." त्याचं बरोबर होतं. तेरा त्याला मेलेलीच भेटली होती. हे एक त्याच्याकडे बघत होतं.

त्या दिवसांत त्याला सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला असेल तर लोकांच्या समजुतीचा. "अरे साप आहे, पुढच्या वर्षी पुन्हा घालेल." चांगल्या मनानंच म्हणत असतील. पण चार महिने ज्या पोटाकडे रोज बघितलं, वजन लिहिलं, बीज सुटल्याचा दिवस वाढदिवसासारखा लक्षात ठेवला, त्याला हे वाक्य कसं लागत असेल याची कल्पना न पाळणाऱ्याला येणं कठीण. मी त्याला काहीच समजुतीचं बोलले नाही. कामं देत गेले. पेटी जंतुनाशकानं धुणं, प्रोब लावणं, गोधडीचं वजन करणं.

वजन 4.1 किलो भरलं. जोडी लावण्याआधी होतं 6.2. चार महिने उपास आणि वर वेत. हे बघितल्यावर त्याला भरपाई करायची घाई झाली. व्याल्याच्या दुसऱ्याच दिवशी मोठा उंदीर द्यायला निघाला होता. रिकाम्या, थकलेल्या आतड्यात मोठं भक्ष्य गेलं की ती ओकण्याची शक्यता मोठी, आणि ओकल्यावर बोआ सावरायला फार वेळ लावते. दहा दिवसांनी छोटा उंदीर दिला. तिनं तो हळूच घेतला. आधी नेहमी झेप घ्यायची.

भरपाईची दुसरी घाई त्याहून मोठी होती. पुढच्या हंगामात लगेच पुन्हा जोडी लावायची. आता चूक कळली आहे, प्रोब पक्का आहे, तर का नाही? यावर आमचं खरोखर भांडण झालं. माझं म्हणणं, दोन किलो गमावलेल्या मादीनं आधी ते दोन किलो परत मिळवायचे, तेही सावकाश, चरबीनं नाही. बोआ अंगात साठवलेल्यावरच गाभण राहते. साठा नसताना वेत धरलं तर एकतर बीज जिरून जातं, नाहीतर पुन्हा असंच काहीतरी होतं. त्याचं म्हणणं, "तुम्हाला काय, तुमची सगळी चांगली झालीत." ते खरं नव्हतं, पण त्या वेळी मी ते सांगितलं नाही. तीन आठवडे तो बोलला नाही. मग एक दिवस नुसता फोटो पाठवला : नराची पेटी दुसऱ्या खोलीत, दाराला कुलूप.

पुढचं वर्ष

त्या वर्षी नर आणि मादी एकदाही एकत्र आले नाहीत. गोधडी 5.6 किलोवर आली. थंडी संपता संपता त्यानं कळवलं, तिचं अंग मधोमध फुगलंय. नराशिवायही मादीत बीज सुटू शकतं, त्यात नवल नाही. पण त्याला मी आणखी दोन शक्यता सांगितल्या. बोआ मादी आधीच्या जोडीचं वीर्य बराच काळ अंगात सांभाळू शकते. आणि क्वचित नराच्या सहभागाशिवायही पिल्लं होतात. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका बोआ मादीची दोन वेतांतली बावीस पिल्लं, सगळ्या माद्या, अशीच निघाली, त्यांच्या जनुकांत कुठल्याही बापाचा मागमूस नव्हता. तेव्हा ऊब पूर्ण ठेव, दिवस मोज, आणि बाहेर येईल त्यातलं प्रत्येक टॉर्चसमोर धरून बघ.

त्यानं मोजले. या वेळी फळीवर दोन थर्मामीटर होते, एक त्याचा आणि एक माझा, जो मला अजून परत मिळालेला नाही. गोधडी तापायची, सरकायची, पाण्यात जाऊन बसायची, परत यायची. 108 व्या दिवशी पहाटे पाचला संदेश आला. फोटोत पांढऱ्या कागदावर ओळीनं मांडलेले सतरा पिवळे गोळे, प्रत्येकाखाली पेन्सिलीनं क्रमांक. खाली लिहिलं होतं : "सगळे स्लग. सगळे टॉर्चसमोर धरून बघितले. एकही पिल्लू नव्हतं. गोधडी पाणी पितेय. एक्स-रेला नऊला जातोय, तुम्ही झोपा."